शिडाची होडी न बुडणारी असावी काय?



शाळेंत पदार्थविज्ञानाच्या तासाला आर्किमिडीजचा सिद्धांत शिकविण्याची वेळ आली, म्हणजे मी खडू खालीं ठेवून एक घंगाळ पाण्यानें भरून आणवीत असें. पाण्यावर दोन वस्तु सोडावयाच्या. एक लांकडी करंडा आणि दुसरी पातळ पत्र्याची वाटी. दोन्ही तरंगत. मग एका मुलास पुढें बोलावून दोहोंत पाणी भरावयास सांगावयाचें. वाटी तात्काळ तळ गांठी. करंडा मात्र कांठोकांठ भरला तरी पाण्याच्या पृष्ठाशीं हेलकावत राही. त्यानंतरचा प्रयोग मुलांना विशेष आवडे. वाटीच्या तळाशीं आंतून थर्माकोलचा तुकडा चिकटवून ती पुन्हां भरली, तर ती बुडत नसे, पण तोंड खालीं करून पालथी होई. तोच थर्माकोल कापून वाटीच्या कांठाखालीं आंतून कड्यासारखा बसविला, म्हणजे भरलेली वाटी उताणी व स्थिर तरंगे. आज मला जें सांगावयाचें आहे तें सारें त्या घंगाळांत आहे. फक्त वाटीच्या जागीं होडी घ्यावयाची आणि होडींत माणसें बसलेलीं आहेत, हें विसरावयाचें नाहीं.

नवापूर हें आमचें गांव पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूरच्या दक्षिणेस आणि सातपाटीच्या उत्तरेस आहे. ओहोटी लागली कीं येथील पाणी फार दूर मागें सरतें व लहान होड्या वाळूवर, चिखलांत कुशीवर निजतात. माझ्या लहानपणीं त्यांच्यावर डोलकाठी व शीड दिसे. मीं आठ-नऊ वर्षांचा असतांना पाहिलेली एक गोष्ट सांगतों. खाडीच्या मुखाशीं शिडाची एक होडी वाऱ्याच्या झोतानें कलंडली व भरली. आंत चौघे होते. त्यांतले एक आमचे शेजारी, ज्यांना आम्ही मुलें काका म्हणत असूं. त्यांनीं शिडाची दोरी कापली, होडी पुन्हां सरळ झाली, परंतु कांठ पाण्याबरोबर आले होते व उपसण्याची सोय उरली नव्हती. ते चौघे छातीइतक्या पाण्यांत त्या भरलेल्या होडींतच बसून राहिले. भरतीबरोबर आंत येणाऱ्या दुसऱ्या होडीनें त्यांना उचललें व मागाहून ती होडीही ओढून आणली. पुढें कोणी "काका, तुमची होडी बुडाली तेव्हां..." असा विषय काढला, कीं ते लगेच दुरुस्ती करीत, "भरली होती रे, बुडाली नव्हती."

भरणें आणि बुडणें ह्या दोन क्रियापदांतला हा भेद मी व्याकरणांत शिकलों नव्हतों. पुष्कळ वर्षांनंतर त्याच काकांच्या मुलानें फायबरची होडी घेतली. वजनाला हलकी, रंगावयास नको, कीड लागत नाहीं, दरवर्षीं फटी बुजवावयास नकोत. हे सारे गुण खरे होते. एका पहांटे मागच्या बाजूनें लाट आंत आली, दुसरी आली, आणि यंत्राच्या वजनानें होडी शेपटाकडून सरळ खालीं गेली. मागें राहिलें तें जाळें. त्याला बोये बांधलेले होते म्हणून तें तरंगलें. त्या बोयांना धरून तिघे जण वांचले. होडी गेली ती गेलीच, आणि तिच्यावरील कर्ज मात्र वर राहिलें. मला तेव्हांपासून एक गोष्ट चमत्कारिक वाटते. आपल्याकडे जाळें बुडूं नये म्हणून त्याला बोये बांधतात. होडीला कोणी बांधीत नाहीं.

ह्याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. शेंकडों वर्षें आपली होडी सागवानाची होती, आणि सागवान हें स्वतःच बोया आहे. थोडा हिशेब करूं. सहाशें किलो सागवानाची एक होडी घ्या. सागवान पाण्याच्या सुमारें दोन-तृतीयांश वजनाचें. तेव्हां एवढें लांकूड पूर्ण पाण्याखालीं गेलें तर तें सुमारें ९४५ किलो समुद्राचें पाणी बाजूस सारतें. म्हणजे होडी भरल्यावरही तिच्या अंगीं सुमारें ३४५ किलोची तरंगशक्ति शिल्लक राहते. आतां सहाशें किलो फायबर ग्लासची होडी घ्या. हा पदार्थ पाण्याहून दीडपटीपेक्षां जड आहे. तो सारा बुडाला तर केवळ ३८५ किलोच्या आसपास पाणी बाजूस सरतें. म्हणजे सुमारें २१५ किलोंची तूट. वर शंभर किलोंचें यंत्र असेल तर तूट तीनशेंवर जाते. कोरडी असतां दोन्ही होड्या सारख्याच डौलानें तरंगतात. भेद कळतो तो भरल्यावरच. खिळे-पट्ट्यांचें लोखंड व जुन्या सागवानानें शोषलेलें पाणी मीं ह्यांत धरलेलें नाहीं. तें धरलें तर लांकडी होडीची शिल्लक कमी होते. काकांच्या होडींत तिच्यावर भार असा फारसा नव्हता, हेंही ध्यानांत घ्यावें. लांकडी होडींत कोणी जड यंत्र बसविलें व तळाशीं दगड भरले, तर तीही बुडते.

तूट आहे ती भरून काढणें एवढाच मग प्रश्न. बंद पेशींचा हलका फोम, म्हणजे ज्याच्यांत पाणी शिरत नाहीं असा, एक लिटर घेतला तर तो जवळजवळ एक किलो भार उचलतो. होडी व यंत्र ह्यांचे तीनशें, नांगराचे पंचवीसेक, आणि पांच माणसें छातीपर्यंत पाण्याबाहेर राहावीं म्हणून प्रत्येकीं पंचवीसप्रमाणें सव्वाशें. मिळून साडेचारशें किलो. म्हणजे साधारण अर्धा घनमीटर फोम. दोनशें लिटरचे जे निळे ड्रम आपल्या बंदरांवर जागोजाग पडलेले असतात, तसे दोन-अडीच ड्रम समजा. बैठकीखालीं आणि कांठाखालीं एवढी जागा लहान होडींतही सांपडते.

कल्पना नवी नाहीं. लायोनल ल्यूकिन नांवाचा लंडनमधील एक मनुष्य घोड्याच्या गाड्या बनवीत असे. त्यानें १७८५ सालीं न बुडणाऱ्या होडीचें पेटंट घेतलें. बाहेरून कांठाला बुचाच्या लांकडाचा जाड पट्टा, नाळेशीं व मागें बंद हवेचे कप्पे, आणि तळाखालीं लोखंडाचा भार अशी त्याची रचना होती. हलकें वर आणि जड खालीं, हें तत्त्व त्या गाडीवाल्यास बरोबर उमगलें होतें. पांच वर्षांनीं, १७९० मध्यें, इंग्लंडच्या साऊथ शील्ड्स बंदरांत हेन्री ग्रेटहेड ह्यानें बुचानें मढविलेली जीवरक्षक होडी पाण्यांत सोडली. आपल्याकडेही रत्नागिरी-मालवणच्या बाजूची उलांडीची होडी पाहा. बाजूस दूर बांधलेला तो हलका ओंडका होडीला कलंडूं देत नाहीं आणि भरली तर आधारही देतो. अमेरिकेंत १९५८ पासून विकल्या जाणाऱ्या बॉस्टन व्हेलर नांवाच्या होडीच्या दोन थरांमध्यें फोम भरलेला असतो. १९६१ सालीं तिचा निर्माता आंत बसला असतां पाण्यावरच ती करवतीनें मधोमध कापली गेली, व त्याचीं छायाचित्रें 'लाइफ' नियतकालिकानें छापलीं. तो मनुष्य कोरडाच राहिला.

आमच्या कोळी बांधवांच्या होड्यांवरून शीड गेलें, तेव्हां शिडाच्या होडीचा प्रश्न आतां कशाला, असें कोणी विचारील. शीड गेलें तें धंद्यांतून; खेळ व साहस म्हणून तें परत आलें आहे. मुलांना समुद्र शिकवावयाचा तर शिडासारखें साधन नाहीं, असें माझें मत आहे. पण यंत्राच्या होडीपेक्षां शिडाची होडी कलंडणें अधिक स्वाभाविक. वारा तिला पुढें ढकलतो तसाच आडवाही पाडतो. म्हणून हा प्रश्न तिच्याच बाबतींत सर्वांत तीव्र होतो. जगभर मुलें जिच्यांत शीड हांकावयास शिकतात ती ऑप्टिमिस्ट नांवाची डबीसारखी लहान होडी घ्या. १९४७ मध्यें क्लार्क मिल्स ह्यानें ती अमेरिकेंतील फ्लॉरिडांत तयार केली. तिच्या नियमांप्रमाणें प्रत्येक होडींत हवेच्या तीन पिशव्या बांधलेल्या असाव्या लागतात. मूल कलंडतें, होडी सरळ करतें, आंत चढतें, पाणी उपसतें व पुन्हां चालूं लागतें. कलंडणें हा तेथें अपघात नसून धडा असतो. आणि तो धडा होऊं शकतो तो केवळ त्या तीन पिशव्यांमुळें.

हें सांगतांना मला १३ जानेवारी २०१८ हा दिवस आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या दिवशीं आमच्या उत्तरेस डहाणूच्या समुद्रांत फिरावयास गेलेल्या विद्यार्थ्यांची होडी उलटली. तींत सुमारें चाळीस मुलें-मुली होतीं. बहुतेकांना वांचविण्यांत आलें. तीन विद्यार्थिनींचे प्राण गेले. ती होडी यंत्राची होती, शिडाची नव्हे. आणि फोम असता तर त्या वांचल्या असत्या, असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. माणसें किती घ्यावींत, अंगावर तरंगतें जाकीट आहे कीं नाहीं, सर्वांनीं एका बाजूस जमावें कीं नाहीं, हे प्रश्न आधींचे आहेत. परंतु ज्यानें आयुष्य मुलांबरोबर घालविलें आहे, त्याला एवढें वाटल्यावांचून राहत नाहीं कीं मुलांना घेऊन जाणाऱ्या होडीची परीक्षा ती कोरडी असतांना नव्हे, भरलेली असतांना झाली पाहिजे.

इथवर सारें सोपें आहे. कठिण भाग पुढें येतो, तो मोठ्या शिडाच्या होडीचा. तिच्या तळाखालीं लोखंडाचा किंवा शिशाचा मोठा भार असतो. त्या भारामुळेंच ती आडवी पडली तरी पुन्हां उभी राहते. म्हणजे जो भार तिला उलटूं देत नाहीं, तोच भरल्यावर तिला तळाशीं नेतो. येथें लांकूडही पुरेसें नाहीं. मुंबईंत कुलाब्याला सागवानाची बांधलेली 'सुहेली' ही बत्तीस फुटी होडी घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे १४ जून १९६८ रोजीं निघाले व कोठेंही न थांबतां, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं परतले; असें करणारे ते पहिले. प्रवासाच्या आरंभींच सुहेली गळूं लागली, तेव्हां त्यांनीं भर समुद्रांत पाण्याखालीं बुड्या मारून फटींत कापूस ठासला. होडी सागाची आहे, भरली तरी तरंगेल, ह्या भरंवशावर ते बसले नाहींत. तळाखालीं लोखंड होतें, तेव्हां तसा भरंवसा बाळगणें मूर्खपणाच ठरला असता.

आतां त्याच सुहेलीची प्रतिकृति म्हणून गोव्यांत बांधलेल्या 'तुरीया' होडीची हकीकत ऐका. नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी हे तिच्यांतून प्रदक्षिणेच्या शर्यतींत निघाले असतां, सप्टेंबर २०१८ मध्यें हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें ती उलटवली, डोलकाठ्या मोडल्या, आणि टॉमींच्या पाठीस जबर दुखापत झाली. त्यांना चालवेना. ते होडींतच पडून राहिले आणि २४ सप्टेंबरला एका फ्रेंच जहाजानें त्यांना बाहेर काढलें. होडीचें कवच फुटलें नव्हतें, ती भरली नाहीं, म्हणून तिनें त्यांना तीन दिवस सांभाळलें. पाठ मोडलेला मनुष्य बुडत्या होडींतून उठून तराफ्यांत कसा चढणार? पुढें २०२२ मध्यें त्याच शर्यतींत फिनलंडच्या टापिओ लेहतिनेन ह्यांची 'अस्टेरिया' होडी १८ नोव्हेंबरला मागच्या बाजूनें भरून कांहीं मिनिटांत बुडाली. ते धडधाकट होते, तराफा हाताशीं होता, म्हणून वांचले. शर्यतींतील दुसऱ्या एका स्पर्धक बाईनें त्यांना गांठलें. दोन्ही होड्या त्याच महासागरांतल्या, दोन्ही अनुभवी खलाशांच्या. एकीनें आपल्या माणसास अंगावर घेऊन निजविलें, दुसरीनें त्यास उठून पळावयास लावलें.

मग मोठ्या होडींतही फोम कां भरूं नये? पुन्हां हिशेब करूं, ढोबळच. साडेतीस फुटी, चार टनांची फायबरची शिडाची होडी घेतली, तिच्या तळाखालीं सोळाशें किलो लोखंड आहे, तर भरल्यावर लोखंडाची तूट सुमारें १,३७० किलो, दोन टन फायबर व तत्सम सामानाची सातशें, यंत्र-सांखळी-डोलकाठीची तीनशें. एकूण जवळजवळ चोवीसशें किलो. म्हणजे अडीच घनमीटर फोम, बारा ड्रम. ज्या खोलींत दोघे-चौघे महिनोन् महिने राहणार, जेथें पाणी, धान्य, शिडें, औषधें ठेवावयाचीं, तेथें बारा ड्रमांएवढी जागा सोडणें ही लहानशी मागणी नव्हे. तरीही बेल्जियममधील एटाप ह्या नांवाच्या होड्या अशाच, दुहेरी कवचांत फोम भरून, न बुडणाऱ्या म्हणून बांधल्या गेल्या आणि विकल्या गेल्या. तेव्हां हें अशक्य आहे असें कोणी म्हणूं नये. गैरसोयीचें आहे एवढेंच म्हणावें. अमेरिकन कायद्यानें १९७० च्या दशकापासून वीस फुटांहून लहान बहुतेक मोटार-होड्यांना भरल्यावर तरंगण्याची सक्ति केली, परंतु शिडाच्या होड्यांना तींतून वगळलें. मोठ्या होड्यांपुरती सूट मी समजूं शकतों. लहान शिडाच्या होडीला ती कां असावी, हें मला समजलेलें नाहीं.

माझा स्वतःचा निर्णय असा आहे. ज्या होडीच्या तळाखालीं भार नाहीं, ती शिडाची असो वा वल्ह्याची, भरल्यावर आपल्या माणसांसह तरंगलीच पाहिजे. येथें खर्चाची सबब मी ऐकणार नाहीं, कारण फोमाची किंमत होडीच्या मानानें थोडी आहे आणि होडी परत मिळते हा लाभ वेगळा. भारवाल्या मोठ्या होडीला निदान नाळेशीं व मागें पाणी न शिरणारे आडवे पडदे असावेत, जेणेंकरून एका टोकास भोंक पडलें तर सारी होडी भरूं नये. अर्थात् पडदेही पुरते उंच हवेत. टायटॅनिकला सोळा कप्पे होते. पुढचे चार भरले तरी ती तरंगती, पण १९१२ च्या त्या रात्रीं त्यांहून अधिक भरले, आणि पडदे वरपर्यंत नसल्यानें पाणी एका कप्प्यांतून दुसऱ्यांत ओसंडत गेलें. त्या जहाजाला लोकांनीं 'न बुडणारें' म्हटलें होतें, हें कोणाला सांगावयास नको. म्हणूनच हा शब्द होडी विकणाऱ्याच्या तोंडीं ऐकला, कीं मी "कितपत भरल्यावर?" असें विचारतों.

एक-दोन सूक्ष्म गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण फोम भरला म्हणजे काम झालें असें समजणारे पुष्कळ आढळतात. फोम कोठें बसविला ह्यावर सारें अवलंबून आहे. तळाशीं भरला तर माझ्या वाटीसारखी होडी पालथी होते, आणि पालथ्या, शेवाळलेल्या पाठीवर ओल्या हातांनीं किती वेळ टिकाव लागणार? टोनी बुलिमोर नांवाचा इंग्रज खलाशी जानेवारी १९९७ मध्यें दक्षिण महासागरांत पालथ्या होडीच्या पोटांत कोंडलेल्या हवेवर चार दिवस जगला खरा; पण तिचा तळाचा भार तुटून पडला होता व पोट बंद होतें. आमच्या उघड्या होडीला तसें पोट नाहीं. तेव्हां फोम कांठाखालीं, दोन्ही बाजूंस सारखा, आणि यंत्राजवळ थोडा अधिक. दुसरें असें कीं स्वस्त फोम वर्षानुवर्षें ओल धरतो. मासळी गार ठेवण्याच्या खणाभोंवतीं भरलेला फोम काढून पाहिला तर कित्येकदां तो पाण्यानें जड झालेला आढळतो. म्हणजे जो तारावयाचा, तोच भार होऊन बसतो. हवेचे बंद कप्पे ह्याहून स्वस्त, पण त्यांचें झांकण कोणी दोरी ठेवण्यासाठीं उघडतो व लावावयास विसरतो. मी स्वतः बंद पेशींचा फोम पसंत करीन आणि वर्षांतून एकदां वजनकांटा लावीन.

मोठ्या आगबोटींचा विचार मीं येथें मुद्दाम केलेला नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला जाणारी 'रामदास' बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं; त्या आकाराच्या जहाजाला फोम तारूं शकत नाहीं, तेथें प्रश्न निराळे आहेत.

राहिली परीक्षा. ती महाग नाहीं. आमच्या गांवीं एका ओळखीच्या तरुणानें गेल्या उन्हाळ्यांत आपली लहान फायबरची होडी ओहोटीच्या वेळीं कमरेएवढ्या पाण्यांत नेली, तळाचें बूच काढलें व ती भरूं दिली. यंत्राच्या जागीं त्यानें तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवल्या होत्या, आणि बैठकीखालीं दोन लहान बंद पिंपें बांधलीं होतीं. होडी तरंगली, पण नाळ आभाळाकडे करून. शेपूट पाण्याखालीं गेलें. मीं किनाऱ्यावरून ओरडून सांगितलें कीं पिंपें पुढें आहेत तीं मागें घे. त्यानें एक मागें घेतलें, दुसऱ्याचे दोन भाग करावे म्हणून चार लहान डबे आणले व ते कांठाखालीं दोन-दोन बांधले. तिसऱ्या खेपेस होडी सपाट राहिली, कांठ पाण्यावर चार बोटें. त्यानें आपल्या दोन्ही मुलांना आंत बसविलें; तीं तेथें पाण्यांत पाय हालवीत बसलीं, आणि भरती येईपर्यंत कांहीं केल्या बाहेर यावयास तयार होईनात.